जहाज नसलेले खलाशी

मराठीत 'बाजारबुणगे' हा शब्द आपण आज सहज शिवीसारखा वापरतो. मुळात तो मराठ्यांच्या लष्करी छावणीतला शब्द आहे. लढणाऱ्या फौजेबरोबर चालणारे वाणी, मोतद्दार, आचारी, कारकून, यात्रेकरू, बायकामुले असा जो प्रचंड लवाजमा असे, तो म्हणजे बुणगे. पानिपताच्या कोणत्याही वर्णनात हे बुणगे येतातच आणि बहुधा दोषी म्हणूनच येतात. त्यांच्यामुळे फौजेची चाल मंदावली, त्यांच्या पोटासाठी रसद संपली, त्यांना मधे घेऊन कूच करावे लागले आणि त्यातच 14 जानेवारी 1761 चा दिवस हातचा गेला, असे आपण वाचत आलो आहोत. त्या दिवशी बुणग्यांना कोणी तलवारी वाटल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. उत्तर उघड आहे, असे आपण धरून चालतो.

आधुनिक सैन्यांनी हा प्रश्न प्रत्यक्षात अनेकदा विचारला. आधुनिक सैन्याचे बुणगे गणवेशात असतात. भांडारातला कारकून, विमानाचे इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री, स्वयंपाकी, खच्चरवाला, जहाजाच्या भट्टीत कोळसा घालणारा खलाशी हे सगळे हजेरीपटावर सैनिकच असतात. एरवी त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. पण आघाडीवर माणसे कमी पडू लागली, किंवा जहाज बुडाले, विमाने संपली आणि माणसे तेवढी उरली, की कोणा वरिष्ठाच्या ध्यानात येते की आपल्याजवळ कागदोपत्री इतके हजार लोक बसून आहेत. मग त्यांना बंदुका दिल्या जातात आणि त्या दिवसापासून ते पायदळ होतात. ही जी 'त्या दिवसापासून'ची कल्पना आहे, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

सुरुवात एका जवळजवळ विनोदी प्रसंगाने करतो. डिसेंबर 1941 मध्ये जपानने फिलिपीन्सवर हल्ला केला. पहिल्या काही दिवसांतच अमेरिकेची तिथली बरीचशी विमाने नष्ट झाली आणि मनिलाजवळचा काविते येथील नाविक तळ बॉम्बहल्ल्यात जळून गेला. सैन्य मागे सरून बताआन द्वीपकल्पात शिरले. त्यांच्याबरोबर विमान नसलेले वैमानिक व मिस्त्री आले आणि जहाज किंवा तळ नसलेले खलाशीही आले. हवाई दलाच्या लोकांची एक तात्पुरती पायदळ रेजिमेंट उभारण्यात आली. खलाशांची एक बटालियन करून ती फ्रान्सिस ब्रिजेट या नौदल कमांडरच्या हाती देण्यात आली. त्याच्याकडे नाविक विमानांची देखभाल करणारे होते, दारूगोळ्याच्या कोठारातले होते, 'कॅनोपस' या पाणबुड्यांची सेवा करणाऱ्या जुन्या जहाजावरचे होते. शिकवायला म्हणून थोडे मरीन सैनिक त्यांच्यात मिसळून दिले होते. नौदलाचे पांढरे गणवेश रानात चांदण्यासारखे दिसणार, म्हणून ते खाकी रंगवायचे ठरले. रंग काही साधला नाही. कापड मोहरीसारखे पिवळेजर्द झाले.

23 जानेवारी 1942 रोजी सुमारे तीनशे जपानी सैनिक बोटींची दिशा चुकून द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, लाँगोस्कवायन नावाच्या भूशिरावर उतरले. त्यांच्या समोर ही पिवळी पलटण गेली. पुढे एका जपानी अधिकाऱ्याची रोजनिशी सापडली, तिच्यातली नोंद या युद्धाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. अमेरिकनांनी भडक कपड्यांतले एक नव्या प्रकारचे आत्मघाती पथक आणले आहे, असा त्याचा समज झाला होता. कारण हे लोक मोकळ्या जागेत आले की खाली बसत, मोठमोठ्याने बोलत आणि सिगारेटी पेटवीत. आपला गोळीबार ओढवून घेण्याचाच हा डाव असणार, असे त्याने मानले. खलाशी बिचारे खरोखरच बसून सिगारेट ओढत होते. रानातल्या लढाईत असे करू नये, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

गोष्ट वाचून हसू येते आणि ते येऊ द्यावे. पण त्या तीनशे जपान्यांना हे खलाशी मागे रेटू शकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी शत्रूला त्या भूशिरावर कोंडून धरले, तेवढेच. कॉरेगिडॉर बेटावरच्या बारा इंची उखळी तोफा मदतीला आल्या, आणि अखेर फिलिपिनो स्काउट्सच्या 57 व्या रेजिमेंटने, म्हणजे मुरलेल्या, बारमाही पायदळाने, येऊन काम पुरे केले. सिगारेट ओढणाऱ्यांचे धैर्य कमी नव्हते. जमीन कशी वाचायची, आवाज कोठून आला, शेजारचा माणूस कोठे आहे, आपण कोणाला दिसतो आहोत, ही विद्या त्यांच्यापाशी नव्हती. पायदळाची विद्या बाहेरून दिसत नाही. तोफ दिसते, इंजिन दिसते, त्यामुळे तोफखान्याच्या किंवा इंजिनखोलीच्या कामाला शिक्षण लागते हे कोणालाही पटते. पायदळाच्या शिपायाकडे दोन पाय आणि एक बंदूक दिसते, म्हणून ते काम कोणालाही येईल असे वाटते. मोठमोठ्या सेनापतींना नसेल, पण मोठमोठ्या मंत्र्यांना असे वाटलेले आहे.

गोरिंगला वाटले होते. 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत रशियातल्या जर्मन पायदळाची चाळण झाली होती आणि हवाई दलात मात्र विमानतळांवरचे, दळणवळणाचे, कचेऱ्यांतले लाखो लोक होते. त्यांतले काही सैन्याला द्यावेत, अशी मागणी आली. ही माणसे अनुभवी तुकड्यांत थोडी थोडी भरती करावीत, जुन्या शिपायांशेजारी ती शिकतील, हा सरळ मार्ग होता. गोरिंगने तो नाकारला. नाझी विचारांत वाढवलेली 'आपली' पोरे जुनाट, धर्मभीरू सेनाधिकाऱ्यांच्या हाती द्यायची नाहीत, असा त्याचा हट्ट. त्याने हवाई दलाच्याच स्वतंत्र पायदळ डिव्हिजन उभारल्या, एकूण वीसाहून अधिक. अधिकारी हवाई दलाचे, जवान हवाई दलाचे. जमिनीवर लढलेला क्वचितच कोणी. त्यांतल्या सातव्या आणि आठव्या डिव्हिजनचा डिसेंबर 1942 मध्ये, स्टालिनग्राडच्या पश्चिमेला चिर नदीच्या परिसरात, काही आठवड्यांत फडशा पडला. फॉन मानश्टाइनने आपल्या आठवणींत या प्रकारावर कडक टीका केली आहे आणि ती रास्त आहे. नोव्हेंबर 1943 मध्ये उरलेल्या डिव्हिजन शेवटी सैन्याकडे सोपवल्या गेल्या. एका खात्याची ऐट सांभाळण्यासाठी दुसऱ्या खात्याचे काम अंगावर घेतले आणि त्याची किंमत विमानतळावरच्या मिस्त्र्यांनी बर्फात भरली.

मग हे कधीच जमत नाही का? जमते, आणि जमल्याचे उदाहरण आपल्या उंबरठ्याजवळचे आहे. फेब्रुवारी 1944 मध्ये आराकानात जपान्यांनी सातव्या इंडियन डिव्हिजनच्या पिछाडीला वळसा घातला. न्गाक्येडाउक खिंडीच्या पायथ्याशी, सिन्झवेया येथे, या डिव्हिजनचा कारभारी तळ होता. दारूगोळ्याचे साठे, मोटारी, खच्चरे, दवाखाना, कचेऱ्या, सगळे टेकड्यांनी वेढलेल्या एका लहानशा मैदानात. इतिहासात त्याला 'अ‍ॅडमिन बॉक्स' म्हणतात, म्हणजे चक्क बुणग्यांची पेटी. डिव्हिजनचे मुख्यालय उधळले गेले, सेनापती मेसर्व्ही पायी निसटून या पेटीत येऊन पोहोचला. मग जवळजवळ अडीच आठवडे कारकून, ड्रायव्हर, खच्चरवाले, सिग्नलवाले कडेच्या खंदकांत बसून रात्रीमागून रात्री जपानी हल्ले परतवीत राहिले. 7 फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैनिक दवाखान्यात घुसले. जखमींना आणि डॉक्टरांना त्यांनी ठार मारले. तरीही पेटी फुटली नाही.

का फुटली नाही? एक तर त्यांच्यात वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे खरे पायदळ होते आणि 25 व्या ड्रॅगून्सचे रणगाडे होते. कोठे भगदाड पडले तर ते बुजवायला हे धावत. दुसरे, विमानांतून धान्य आणि गोळ्या पडत होत्या. पण तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चौदाव्या आर्मीचा सेनापती स्लिम याने 1942 च्या ब्रह्मदेशातल्या माघारीनंतर एक धडा मनाशी पक्का केला होता. जंगलाच्या लढाईत न लढणारा असा कोणी नसतो, प्रत्येक तुकडीने, अगदी वैद्यकीय पथकानेसुद्धा, आपले रक्षण आपण करायला शिकले पाहिजे, हा त्याच्या प्रशिक्षणाचा नियम होता. त्या कारकुनांना बंदूक संकटाच्या दिवशी प्रथम हातात मिळाली नव्हती. आणि त्यांना कोणी 'आता तुम्ही पायदळ' असेही म्हटले नाही. ते आपापल्या जागी, आपल्याच कोठाराच्या भोवती, आपल्याच माणसांबरोबर लढले. खच्चरवाला खच्चरवालाच राहिला. त्याला टेकडी चढून हल्ला करायला सांगितले नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. हे सारे प्रयोग दुसऱ्या महायुद्धातले. त्यांच्या आधी, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनने खलाशांची एक अख्खी पायदळ डिव्हिजन उभारली होती आणि ती चार वर्षे लढवली. एखाद्या कल्पनेचे बालपण, तारुण्य आणि पातक असे सगळे एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर रॉयल नेव्हल डिव्हिजन पाहावी. शिवाय साहित्याच्या वाचकाला तिच्याकडे दुर्लक्ष करताच येत नाही, कारण एका पिढीचे निम्मे इंग्रज कवी तिच्यात भरती झाले होते की काय असे वाटावे, अशी तिची नामावळी आहे.

ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटिश नौदलाने आपले सगळे राखीव खलाशी बोलावले. सगळ्या जहाजांवर माणसे भरल्यावरही वीस-तीस हजार उरले. नौदलमंत्री होता विन्स्टन चर्चिल, वय एकोणचाळीस. ही माणसे सैन्याला देऊन टाकण्याचा विचार त्याने केला नाही. त्याने नौदलाचेच पायदळ काढले. बटालियनांना जुन्या दर्यावर्दी सेनानींची नावे दिली: ड्रेक, नेल्सन, हूड, ॲन्सन, हॉक, बेन्बो, कॉलिंगवूड, हाउ. नावे ऐकून छाती फुगावी. माणसे मात्र उतारवयाकडे झुकलेले भट्टीवाले, हौशी राखीव दलातले कारकून आणि उत्तर इंग्लंडच्या खाणींतून आलेली ताजी भरती अशी होती. त्यांना समुद्रावर जायचे होते. त्यांना केंटमधल्या कुरणांत कवायत करायला लावले.

ऑक्टोबरच्या आरंभी जर्मन तोफा अँटवर्पच्या किल्ल्यांवर धडाडू लागल्या. चर्चिल स्वतः 3 तारखेला तिथे पोहोचला, मरीन सैनिक आले, आणि 6 तारखेला या दोन नाविक ब्रिगेडही खंदकांत जाऊन बसल्या. बहुतेकांना रायफली हाती पडून काही दिवसच झाले होते आणि त्याही जुन्या धाटणीच्या. पाण्याच्या बाटल्या, पाठपिशव्या, ओव्हरकोट सगळ्यांना पुरले नव्हते. काडतुसे खिशांत कोंबलेली, संगिनी पट्ट्यात खोवलेल्या किंवा दोरीने बांधलेल्या. चर्चिलला त्या शहरात असा काही ज्वर चढला की मंत्रिपद सोडून अँटवर्पच्या फौजेचे आधिपत्य मला द्या, अशी तार त्याने पंतप्रधानांना केली. अ‍ॅस्क्विथने ती मंत्रिमंडळात वाचून दाखवली तेव्हा मंत्री हसले. अ‍ॅस्क्विथचा स्वतःचा एक मुलगा, आर्थर, त्या खंदकांत होता. तो परत आल्यावर त्याच्या तोंडून सारी हकीकत ऐकली तेव्हा पंतप्रधानांचे हसू मावळले. खासगी पत्रात त्यांनी या प्रकाराबद्दल अत्यंत कठोर शब्द लिहिले.

8 तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम निघाला. तो तीन बटालियनांपर्यंत वेळेवर पोहोचलाच नाही. हॉक, बेन्बो आणि कॉलिंगवूड मागे राहिल्या, रेल्वेचा रस्ता तुटला, आणि शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तटस्थ हॉलंड बरे म्हणून सुमारे दीड हजार खलाशी सरहद्द ओलांडून गेले. डच सरकारने नियमाप्रमाणे त्यांना खोनिंगन शहरात स्थानबद्ध केले. युद्ध संपेपर्यंत चार वर्षे ते लाकडी बराकींत राहिले, नाटके करीत, फुटबॉल खेळीत. छावणीला त्यांनी थट्टेने एखाद्या जहाजाचे असावे तसे 'लाकूडनगर' या अर्थाचे नाव दिले. शिवाय काहीशे माणसे जर्मनांचे कैदी झाली. अँटवर्प 10 ऑक्टोबरला पडले. या खटाटोपाने शहर काही दिवस अधिक तगले आणि तेवढ्यात इंग्लिश खाडीची बंदरे वाचवायला सवड मिळाली, असे चर्चिल पुढे नेहमी म्हणे आणि काही इतिहासकार त्याला मान्यताही देतात. मला हा युक्तिवाद अगदीच पोकळ वाटत नाही. पण मरीन सैनिकांनी जे केले त्यात या कच्च्या खलाशांनी नेमकी काय भर घातली, याचे समाधानकारक उत्तर त्यात मिळत नाही.

अँटवर्पच्या त्या रात्री पेटलेल्या तेलटाक्यांच्या उजेडात मागे सरणाऱ्यांत रूपर्ट ब्रूक होता. चर्चिलचा सचिव एडवर्ड मार्श याच्या ओळखीने त्याला सप्टेंबरात अधिकारपद मिळाले होते. युद्धाचा त्याचा सारा अनुभव म्हणजे हे काही दिवस. त्यातून परतल्यावर त्याने ती प्रसिद्ध सुनीते लिहिली, जी आपल्याकडच्याही इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. पुढे हूड बटालियनमध्ये त्याच्याभोवती एक विलक्षण मित्रमंडळ जमले: ग्रीक अभिजात साहित्यात मुरलेला पॅट्रिक शॉ-स्ट्युअर्ट, संगीतकार डेनिस ब्राउन आणि एफ. एस. केली, आर्थर अ‍ॅस्क्विथ, न्यूझीलंडहून आलेला पट्टीचा पोहणारा बर्नार्ड फ्रायबर्ग. ट्रॉयच्या परिसरात लढायला मिळणार म्हणून ही मंडळी हरखून गेली होती. 23 एप्रिल 1915 रोजी, गॅलिपोलीच्या उतरणीच्या दोन दिवस आधी, डास चावून झालेल्या रक्तदोषाने ब्रूक वारला. मित्रांनी त्याला स्कायरॉस बेटावर ऑलिव्हच्या झाडीत पुरले. ब्राउन 4 जूनला गॅलिपोलीतच मारला गेला, केली 1916 मध्ये, शॉ-स्ट्युअर्ट 1917 च्या डिसेंबरात.

ब्राउन ज्या दिवशी पडला त्याच दिवशी, क्रिथियाच्या तिसऱ्या लढाईत, अँटवर्पनंतर नव्याने भरलेली कॉलिंगवूड बटालियन जवळजवळ पुसली गेली. नुकतीच इंग्लंडहून आलेली, पहिलाच मोठा हल्ला. काही दिवसांत तिचे नावच रद्द करून उरलेले खलाशी इतर बटालियनांत वाटून टाकले. कवींच्या थडग्यांपुढे या भट्टीवाल्यांची आठवण कोणी फारशी काढत नाही.

पण ज्या बटालियना उरल्या त्या हळूहळू पायदळ होत गेल्या. कोणी हुकूम दिला म्हणून नव्हे. मेलेल्यांच्या शेजारी उभे राहून जिवंत शिकले म्हणून. आणि गंमत अशी की जसजसे ते अधिक पक्के शिपाई होत गेले तसतसे ते आपले खलाशीपण अधिक हट्टाने सांभाळू लागले. फ्रान्सच्या चिखलात, समुद्रापासून दूर, ते रजेवर जाण्याला 'किनाऱ्यावर जाणे' म्हणत. वेळ जहाजाच्या घंटेने मोजत. दाढ्या राखत. पांढरे नाविक निशाण फडकवत. हुद्दे नौदलाचे ठेवत. 1916 मध्ये ही डिव्हिजन नौदल खात्याकडून सैन्याकडे गेली, तिला 63 वा क्रमांक मिळाला आणि जनरल शूट हा पक्का शिस्तीचा सेनाधिकारी तिच्यावर आला. त्याला हे सारे पोरखेळ वाटले. त्याने खंदकांची पाहणी करून शौचकूपांच्या अस्वच्छतेबद्दल खरमरीत शेरा मारला, तेव्हा हॉक बटालियनच्या ए. पी. हर्बर्टने त्याच्यावर एक अत्यंत अचकट विडंबनगीत रचले. डिव्हिजनच्या युद्धगीतात ते केव्हा सामावले हे कोणालाच कळले नाही. शूटची बाजू अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही, शौचकूप स्वच्छ असलेच पाहिजेत. पण घंटा आणि दाढी हेच त्या माणसांना एकत्र बांधणारे सूत होते, हे त्याला दिसले नाही.

13 नोव्हेंबर 1916 रोजी, सोमच्या लढाईच्या अखेरच्या टप्प्यात, दाट धुक्यात ही डिव्हिजन आंक्र नदीच्या काठाने पुढे गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने बोकूर हे गाव घेतले. फ्रायबर्गला चार जखमा झाल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अँटवर्पला दोरीने संगिनी बांधलेल्या खलाशांचे हे दोन वर्षांनंतरचे रूप. डिव्हिजनचे साडेतीन-चार हजार लोक त्यात मेले वा जखमी झाले.

त्याच धुक्यात नेल्सन बटालियनचा एकवीस वर्षांचा सब-लेफ्टनंट एडविन डायेट होता. कार्डिफचा, दर्यावर्दी घरातला मुलगा, नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात भरती झालेला. गॅलिपोली त्याने पाहिली होती. आपली मनःस्थिती खंदकांतल्या लढाईला टिकणारी नाही, मला समुद्रावर पाठवा, अशी विनंती त्याने वरिष्ठांना केली होती. ती मान्य झाली नाही. हल्ल्याच्या दिवशी त्याला सुरुवातीला राखीव म्हणून मागे ठेवले होते. दुपारी पुढे जाऊन आपल्या बटालियनला मिळायचा हुकूम आला. धुके, काळोख, उधळलेल्या तुकड्या. त्याला बटालियन सापडली नाही. वाटेत दुसरा एक अधिकारी भेटला, त्याने काही विस्कळीत जवानांसह पुढे चल असे म्हटले. डायेट म्हणाला की मी मुख्यालयाकडे परत जाऊन हुकूम घेतो. दोघांचे आधीपासून पटत नव्हते. तक्रार वर गेली. डायेटचा पत्ता दोन दिवस लागला नाही.

26 डिसेंबरला कोर्ट मार्शल झाले. पळून गेल्याच्या गुन्ह्याबद्दल मृत्यूची शिक्षा, वय आणि अनुभवाची उणीव ध्यानात घेऊन दया करावी अशी न्यायालयाचीच शिफारस. सरसेनापती हेगने शिक्षा कायम केली. 5 जानेवारी 1917 च्या पहाटे डायेटला गोळ्या घालण्यात आल्या. त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने अशा रीतीने मारलेले अधिकारी तीनच. त्यांतला हा एक आणि तो नौदलाचा.

तो निर्दोष होता की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्या दिवशी हुकूम मोडला गेला हे तर खरेच. मला खटकते ते निराळेच. या डिव्हिजनच्या प्रत्येक गोष्टीत तात्पुरतेपणा, काटकसर आणि 'चालवून घ्या' असा भाव होता. रायफल जुनी चालेल, प्रशिक्षण थोडे चालेल, कोट नसला तरी चालेल, खलाशी पायदळात चालेल. कच्चेपणाची सवलत सरकारने स्वतःला पहिल्या दिवसापासून घेतली. शिक्षेच्या वेळी मात्र समोर उभा असलेला मुलगा जन्मापासूनचा पायदळ अधिकारी असल्यासारखा तोलला गेला. आपल्याला हे जमणार नाही, असे त्याने आधी सांगितले होते, हा त्याच्या बाजूचा पुरावा ठरायला हवा होता. कागदपत्रांतून दिसते असे की तो त्याच्या विरुद्धच गेला.

बताआनच्या सिगारेट ओढणाऱ्या खलाशांना आणि गोरिंगच्या मिस्त्र्यांना शत्रूने मारले. डायेटला त्याच्याच लोकांनी मारले, म्हणून तो या साऱ्या कथेत मला सारखा आठवतो. ए. पी. हर्बर्टलाही तो सोडत नसावा. बोकूरच्या हल्ल्यात हॉक बटालियनची अशी दशा झाली की धडधाकट उरलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांत हर्बर्ट एक होता. 1919 मध्ये त्याची 'द सीक्रेट बॅटल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक हॅरी पेनरोज हा भित्रा नाही. उलट स्वतःच्या भीतीशी वर्षानुवर्षे झगडून प्रत्येक वेळी पुढे जाणारा माणूस आहे, आणि एके दिवशी तो मोडतो आणि त्याला गोळ्या घातल्या जातात. डायेटच्या प्रकरणावरून ती सुचली असे सामान्यतः मानतात. विडंबनगीतांसाठी प्रसिद्ध असलेल्या या लेखकाने इथे एकही शेरा मारलेला नाही. निवेदक फक्त जे घडले ते सांगतो, आवाज चढवत नाही, आणि त्यामुळे शेवटची काही पाने वाचणे कठीण जाते. ब्रूकची सुनीते ज्यांनी शाळेत पाठ केली, त्यांनी त्याच डिव्हिजनमधून आलेले हे लहानसे पुस्तकही वाचावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कादंबरीच्या पुढच्या एका आवृत्तीला प्रस्तावना आहे ती विन्स्टन चर्चिलची. ती मनापासून लिहिलेली आहे. ज्याने ही डिव्हिजन जन्माला घातली त्याच्याच हातून ती लिहिली जावी यात काही उपरोध आहे हे त्याला जाणवले असावे का, हे मात्र तीवरून सांगता येत नाही.

1918 पर्यंत डिव्हिजनमध्ये कधी समुद्रावर गेलेली माणसे फारच थोडी उरली होती. भरती होऊन येणारा खाणकामगार वा शेतमजूर आल्या दिवसापासून 'किनाऱ्यावर' रजेला जाऊ लागे. 1919 मध्ये ती विसर्जित झाली. 1925 च्या एप्रिलमध्ये लंडनला हॉर्स गार्ड्सजवळ तिचे स्मारक, एक कारंजे, उघडण्यात आले. त्यावर ब्रूकच्या ओळी कोरल्या आहेत. भाषण चर्चिलने केले.

2006 मध्ये ब्रिटिश संसदेने पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या 306 जणांना माफी देणारे कलम संमत केले. डायेटचे नाव त्यांत आहे. कलमात असेही स्पष्ट म्हटले आहे की या माफीने मूळ दोषनिश्चितीला वा शिक्षेला बाध येत नाही. डायेटचे थडगे ल क्रोतुआ या गावच्या दफनभूमीत आहे. सोम नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठी ते गाव आहे.